दाव्यासकट दिलेलं इंजिन

सरू, इंजिन अडकलं तेव्हा कौसानं माझं मनगट धरून ठेवलेलं होतं. कळमनुरी मागं पडली होती आणि तांड्याजवळचा चढ लागला होता. आधी घासल्यासारखा आवाज आला, मग जळक्या तेलाचा वास आला, आणि कुणी मागून शेपूट धरून ओढावं तशी मोटार जागच्या जागी थांबली. करीमभाईनं खाली उतरून हँडल घातलं. ते फिरेना. दोन्ही हातांनी जोर लावला तरी फिरेना. तेव्हा त्यानं टोपी काढली, तोंड पुसलं आणि म्हणाला, "बैठ गया, बाई. इंजन बैठ गया."

चैत्राचं ऊन होतं. माझी लेक कौसा मागं गोधड्यांवर आडवी. पहिलटकरीण म्हणून माहेरी आणलेली. पहाटेपासून कळा येत होत्या आणि लेकरू पुढं सरकत नव्हतं. बाळापूरच्या सुईणीनं शेवटी सांगितलं होतं, "माझ्या हातचं न्हाई राहिलं, हिंगोलीला डॉक्टरीणबाईकडं न्या." म्हणून निघालो होतो. आता हिंगोली लांब, बाळापूर त्याहून लांब, आणि मधे आपण.

मी पाण्याची घागर उचलली आणि इंजिनाकडं निघाले. एवढं तापलंय तर गार करावं, एवढंच मला कळत होतं. तू माझा हात धरलास.

"काहून ओतून राहिल्या, आक्का? तापल्या बैलाला कुणी पाणी पाजतं का?"

"हा बैल न्हाई, सरू. लोखंड हाय."

"मग तर अजूनच तडकंल."

करीमभाई म्हणाला, "छोटी बाई बराबर बोलती. पानी मत डालो. फट जाएगा."

तू घागर माझ्या हातातून काढून घेतलीस आणि कौसाच्या उशाशी नेऊन ठेवलीस.

हे मी आज लिहून काढते आहे. हिंगोलीला फौजेची छावणी होती त्या काळात माझे वडील तिथं दुकानात कामाला होते, म्हणून मला चार इयत्ता मिळाल्या. तुला अक्षर येत नव्हतं. तेव्हा तुला हे वाचता येणार नाही हे मला माहीत आहे. तू असतीस तरी वाचता आलं नसतं. मीच वाचून दाखवलं असतं आणि तू मधेच म्हणाली असतीस, "असं न्हाई झालं, आक्का." म्हणून तू नसताना लिहिलेलं बरं. मधे कुणी बोलत नाही.

भांडण आपलं इंजिनावरून होतं आणि ते मिटलं नाही, म्हणून तेच लिहिते. बाकी तुझं गुणगान करायला भावकी आहे. ती तेराव्याला पोटभर करून गेली. तू जिवंत असताना यातल्या एकानंही तुला धड हाक मारली नव्हती.

आपल्या नवऱ्यांनी, दोघा भावांनी, कापसाला भाव लागला त्या साली ती मोटार घेतली. बाळापूर ते हिंगोली स्टेशन, माणसं न्यायची आणि आणायची. माझा मालक गेला, मग तुझा गेला. जमीन भावकीनं आपापल्या बांधाला लावून घेतली. मोटार कुणालाच नको होती, कारण ती निळा धूर सोडायची आणि चढावर टकटक वाजायची. म्हणून ती आपल्याकडं राहिली. तिच्यावरच दोघींची चूल होती. करीमभाई चालवायचा, तू त्याच्याशेजारी बसून माणसं चढवायचीस आणि उतरवायचीस, मी घरी हिशोब ठेवायची. लोक हसायचे. दोन रांडक्यांची मोटार म्हणायचे आणि त्याच मोटारीत बसायचे.

लढाई संपली त्या साली इंजिनानं पार दम टाकला. तेल भसाभस प्यायचं. करीमभाईनं सांगितलं, दोन रस्ते आहेत. फौजेच्या मोडक्या गाड्यांतून काढलेली इंजिनं नांदेडला एका व्यापाऱ्याकडं आली आहेत, त्यातलं एक घ्यायचं आणि बसवायचं. आठवड्यात गाडी रस्त्यावर. नाहीतर हेच खोलायचं, सिलिंडर घासून घ्यायचे, नवे पिस्टन घालायचे, बेअरिंगचा धातू नव्यानं ओतून घ्यायचा. त्याला दीड-दोन महिने. आणि पुढं औंढ्याची शिवरात्र होती. नागनाथाच्या जत्रेत मोटारवाल्याला जे मिळतं त्यावर पुढचा पावसाळा निघतो. हे तुला सांगायची गरज नव्हती, पण सांगितलं.

मी म्हणत होते, तयार इंजिन घ्या. तूही आधी हो म्हणालीस. दोघी करीमभाईला घेऊन आगगाडीनं नांदेडला गेलो.

व्यापाऱ्याच्या मागच्या अंगणात ते इंजिन लाकडाच्या ओंडक्यांवर ठेवलेलं होतं, जाड दोरानं करकचून बांधलेलं. त्यानं पेट्रोल घातलं, हँडल मारलं. एका हाकेत सुरू झालं. करीमभाईनं पेचकसाचं एक टोक इंजिनाला आणि दुसरं कानाला लावून ऐकलं आणि मान हलवली. आवाज साफ होता. मला तिथंच पटलं. तू मात्र बाजारात बैल घ्यायला आल्यासारखी त्याच्याभोवती फिरलीस. साखऱ्याच्या तुझ्या माहेरात तुझा बाप गावाला बैल पारखून द्यायचा, ते तुझ्या अंगातून कधी गेलं नाही.

"हे कोन्या गाडीतलं हाय? ती गाडी काहून मोडली?" तू विचारलंस.

व्यापारी हसला. "बाई, फौजी माल आहे. सोयरीक करायची आहे का? कूळ विचारता!"

"दात तर बघू द्या. वरचं झाकण खोला."

"खोललं तर परत कोण बांधणार?"

इथपर्यंत तुझं मला पटत होतं, सरू. झाकण खोलून न दाखवणारा माणूस काहीतरी लपवत असणार, हे कुणालाही कळतं. तू त्यावर नाही म्हणाली असतीस तर मी तोंड उघडलं नसतं. पण त्यानं भाव खाली आणला, आणि तू जवळजवळ हो म्हणालीस. मग तो खुशीत येऊन म्हणाला, "आणि हा दोर पण न्या. तुमच्या कामाला येईल. फुकट."

तुझा चेहरा उतरला. पदर सावरलास आणि उभी राहिलीस.

"चला, आक्का."

"काहून? काय झालं?"

"चला म्हणते ना."

आगगाडीत तू सांगितलंस. जनावर विकणारा दावं कधी देत नाही. दावं आपल्या खुंट्याला ठेवून घेतो, म्हणजे गोठ्याची बरकत जात नाही. जो दाव्यासकट जनावर हाकलून देतो, त्याला ते जनावर परत डोळ्यांसमोर नको असतं. तुझ्या बापानं असा बैल कधी घेतला नव्हता.

मी म्हटलं, "सरू, तो दोर हाय. इंजिन बांधायचा दोर. त्याला काय माहीत तुझ्या बापाचा गोठा?"

"माहीत नसताना दिला. म्हणूनच तर खरं दिसलं."

समोर बसलेला करीमभाई खिडकीबाहेर बघत होता. हसू दाबत होता हे मला दिसत होतं. मी त्याला म्हटलं, "तूच सांग." तो म्हणाला, "बाई, मैं ड्रायवर हूं. दोनो बाईयों का झगडा, बीच में मेरा इंजन." आणि परत बाहेर बघू लागला.

मोटार तुझ्या मालकाच्या नावावर होती. तू नाही म्हटलंस की नाही. ते इंजिन पुढच्याच आठवड्यात कळमनुरीच्या मोटारवाल्या गंगारामानं घेतलं, दोरासकट. शिवरात्रीला त्यानं बाळापूर ते औंढा इतक्या खेपा केल्या की त्याची बायको जत्रेत नवं लुगडं नेसून हिंडली. आपली मोटार तेव्हा अंगणात आ वासून पडली होती. इंजिन बैलगाडीत घालून स्टेशनावर आणि तिथून नांदेडच्या वर्कशॉपात गेलं होतं. आपण घरी ज्वारीच्या कण्या खात होतो. तू मुकाट्यानं खात होतीस. मी मुकाट्यानं खात नव्हते.

इंजिन परत आलं, बसवलं, वाजलं. आवाज चांगला होता, हे मी कबूल केलं. पण करीमभाई म्हणाला, हे आता घट्ट आहे, नवं आहे, घासून घासून सैल होईल. तोवर जोरात हाकायचं नाही, ओझं घालायचं नाही. तुला तर हेच पाहिजे होतं. नवा गोऱ्हा शिकवतात तसं तू त्या मोटारीला शिकवायला घेतलंस. सकाळी रिकामी ओढ्यापर्यंत नेऊन आणायची. मग ज्वारीचं एक पोतं घालून. मग दोन. मला वाटायचं, चिठ्ठीवर मिळणारं पेट्रोल ही बाई पोत्यांना फिरवण्यात जाळून राहिली. गावातली पोरं मागं धावायची, "काकू, पोत्याचं तिकीट काढलं का?" तू म्हणायचीस, "काढलं. ते तुझ्यासारखं वळवळ करत न्हाई, म्हणून त्याला बसवलं."

गोऱ्हा अजून शिकत होता आणि कौसाला कळा सुरू झाल्या.

त्या सकाळी बाळापूरहून निघालो तेव्हा तू पुढं बसलेली, करीमभाईला सारखी सांगत होतीस, हळूच चल, हळूच. बैलगाडीच्या थोडं पुढं एवढाच वेग. मला दोन्ही कळत होतं, इंजिनाचं आणि कौसाचं. मागं कौसा ओरडली, "काकू, मी इथं मरून राहिले आन् तुमी इंजिनाला जपून राहिल्या!"

तू मागं वळून तिच्याकडं पाहिलंस. करीमभाईनं तुझ्याकडं पाहिलं. तू म्हणालीस, "हाक."

मग तो चढ आला, आणि पुढचं मी वर लिहिलं.

किती वेळ गेला ते मला सांगता येणार नाही. तू करीमभाईला इंजिनाचं झाकण उघडं टाकून लांब बाभळीखाली बसायला सांगितलंस. तांड्याकडं तोंड करून हाक मारलीस. तिकडून एक म्हातारी आली. हातभर बांगड्या, घागऱ्याला आरसे. तिची बोली आपल्याला निम्मी कळायची, पण तिनं कौसाच्या पोटावर हात ठेवला आणि मान हलवली, ते पुरं कळलं. मोटारीच्या धक्क्यांनी म्हण की कशानं म्हण, लेकरू खाली आलं होतं. सुईणीच्या हातून जे झालं नव्हतं ते रस्त्यानं केलं होतं.

तेवढ्यात मागून मोटार आली. गंगारामाची. लग्नाचं वऱ्हाड भरलेलं. त्यानं थांबवली, खाली उतरला, आणि आपलं उघडं इंजिन पाहून आधी हसला. तेवढं त्याच्यानं राहवलं नसावं. मग मागची हालत त्याला दिसली. त्यानं ताबडतोब वऱ्हाडाला सांगितलं, "उतरा रे सगळे, बाईमाणूस अडलंय." नवरदेवसुद्धा बाशिंग सावरत उतरला. गंगाराम तुला म्हणाला, "वहिनी, माझ्या गाडीत घाला तिला. गाडी पक्की हाय."

मी तुझ्याकडं पाहिलं. त्या गाडीत कुठलं इंजिन आहे हे आपल्या दोघींना माहीत होतं. तू क्षणभरही थांबली नाहीस. "घाला," म्हणालीस. "आक्का, तिचे पाय धरा."

मला हे आजही दिसतं, सरू. दोरावरून दोन महिने कण्या खायला लावणारी बाई तू, आणि वेळ आली तेव्हा दोरबीर काही मनात आणलं नाहीस. हे मी तुला कधी बोलून दाखवलं नाही. बोलले असते तर तू म्हणाली असतीस, "मग काय, पोरीला रस्त्यावर मारू?"

पण कौसानं हलायला नकार दिला. म्हातारीनंही हात आडवा केला. डोकं दिसत होतं. वऱ्हाडातल्या बाया लुगडी धरून आडोसा करून उभ्या राहिल्या, गडीमाणसं बाभळीखाली मोटारीकडं पाठ करून बसली, आणि आपल्या बसलेल्या मोटारीत कौसा बाळंत झाली. पोरगी. तू घागरीतलं पाणी घेऊन तिला पुसलंस. मी ते इंजिनावर ओतलं असतं तर पोरीला पुसायला थेंब उरला नसता.

पोरगी रडली, पण कौसाचं रक्त थांबेना. म्हातारीनं हिंगोलीकडं बोट दाखवलं. गंगारामाची गाडी तयार होती. पण कौसाला एकदा उचलून पाहिलं तर रक्त जास्त वाहायला लागलं. तू म्हणालीस, "हिला हलवायचं न्हाई. हीच गाडी हलली पाहिजे." आणि करीमभाईला हाक मारलीस. त्यानं इंजिनावर पालथा हात ठेवून पाहिला, ते निवलं होतं. तेल घातलं, हँडल घातलं. मी देवाचं नाव घेतलं नाही, मला सुचलंच नाही. हँडल फिरलं. एकदा, दोनदा घरघरलं आणि सुरू झालं.

"बैल उठला," तू म्हणालीस.

तिथून हिंगोलीपर्यंत आपण चालत्या माणसाच्या वेगानं गेलो. मागून गंगाराम येत होता. पुढं जायची त्याला घाई असणार, लग्नाची वेळ टळत होती, तरी त्यानं हॉर्नसुद्धा वाजवला नाही. कौसाही ओरडली नाही. तू पुढं बसली होतीस, हळूच म्हणायचीही तुला गरज नव्हती. दवाखान्यात डॉक्टरीणबाईनं कौसाला आत घेतलं आणि संध्याकाळी बाहेर येऊन सांगितलं, रक्त थांबलं आहे.

पोरीच्या बारशाला आपण दोघी विधवा म्हणून मागच्या पडवीत बसलो होतो. पुढं पाळणा गाऊन राहिले होते आणि मागं आपण भांडत होतो. मी म्हणत होते, फौजी इंजिन घेतलं असतं तर ते चढावर अडकलं नसतं. तू म्हणत होतीस, अडकलं नसतं तर धडधड हिंगोलीला नेताना वाटेत काय झालं असतं ते तुम्हाला माहीत आहे का. मी म्हटलं, ही अक्कल नाही, हे नशीब. तू म्हणालीस, दोर मिळाला तेही नशीबच होतं. करीमभाई पेढे खाता खाता म्हणाला, "लडकी का नाम मोटरबी रखो." नाव दुसरंच ठेवलं, पण गाव तिला मोटरी म्हणतं. ती हाकेला ओ देते.

गंगारामाचं इंजिन दोन पावसाळे चाललं. मग एका दिवशी त्याच्या पोटातून काहीतरी तुटून बाहेर आलं. तू मुद्दाम कळमनुरीला जाऊन पाहून आलीस आणि मला सांगितलंस. मी विचारलं, आणि दोर? तू ओशाळलीस. दोर त्यानं विहिरीला लावला होता आणि तो अजून नवा होता. मी दिवसभर हसले. पण हेही लिहिते, की दोन पावसाळे ही काही थोडी बाब नाही, आणि त्या शिवरात्रीला आपण उपाशी होतो हे तू कधी मान्य केलं नाहीस. तुला म्हणायचं होतं, आपलं अजून चालतं. मला म्हणायचं होतं, त्याचं वेळेला चाललं. दोन्ही खरं आहे. म्हणून मिटलं नाही.

या श्रावणात तुला ताप चढला. दिवस वाईट होते. पेट्रोल मिळत नव्हतं, रस्त्यावर हत्यारं घेतलेली माणसं गाड्या अडवत होती. करीमभाईनं पेट्रोल कुठून आणलं ते मी विचारलं नाही. दोन ठिकाणी गाडी अडवली, तो खाली उतरून बोलला, "मेरी बहन है, बीमार है," आणि त्यांनी सोडलं. चिखल होता. तांड्याजवळचा चढ आला तेव्हा तू डोळे उघडलेस आणि ऐकत राहिलीस. इंजिन एका सुरात वर गेलं. तू माझ्याकडं पाहिलंस. तुला काय म्हणायचं होतं ते मला कळलं. मी म्हटलं, "व्हय, ऐकलं." त्या वादात मी तुला एवढंच दिलं. डॉक्टरीणबाई दवाखान्यातच होती. वेळेवर पोचलो, असं ती स्वतः म्हणाली.

ताप उतरला नाही. परत येताना मोटार रिकामी होती. पेट्रोल पुरून उरलं.

पोळा जवळ आला आहे. खांदेमळणीला तू बैलाच्या खांद्याला लावतात तसं हळद-लोणी मोटारीच्या नाकाडाला चोळायचीस. त्यावर धूळ बसायची आणि करीमभाई आठवडाभर घासत बसायचा. काल त्यानं विचारलं, "बडी बाई, इस साल क्या करना?" मी म्हटलं, "चोळ. आणि त्या दिवशी गाडी काढू नको." मला हे पटत नाही. पण चालतं आहे ते मोडायचं कशाला.

त्या चैत्रात इंजिन भर उन्हात बसलं. कौसा जगली, तिची पोरगी जगली, तू जगलीस, मी जगले. या श्रावणात ते कुठंच बसलं नाही. कौसा आहे. मोटरी आहे. करीमभाई आहे. मी आहे.